मदत हवी आहे: लाहौलमध्ये आठ बिघ्यांत काय लावावं?

नमस्कार मंडळी. माझं माहेर निफाडचं आणि सासर हिमाचलात, लाहौल खोऱ्यात केलाँगजवळ. उंची सुमारे ३१०० मीटर, म्हणजे आपलं कळसूबाई जवळजवळ दोनदा. निफाडला पारा घसरला की बाबा रात्रभर द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत बसायचे. इथे तसल्या थंडीला कोणी थंडी म्हणत नाही.

जमीन साधारण दीड एकर, हलकी नि रेताड. रोहतांग खिंडीच्या पलीकडे असल्याने पावसाळा नावालाच. पाणी येतं ते वितळलेल्या बर्फाचं, पाटाने. वसंतात बर्फ लवकर जावा म्हणून सासूबाई त्यावर माती पसरतात. (मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, चेष्टाच करतायत.) वर्षाला एकच पीक. चुकलं की थेट पुढच्या मे महिन्याची वाट बघायची.

आजवर अर्ध्यात बटाटा, अर्ध्यात मटार. थंडीमुळे रोग पसरवणारी मावा कीड कमी, म्हणून इथला बटाटा बियाण्याला चालतो. मटार जुलै-ऑगस्टात निघतो, तेव्हा मैदानात मटार नसतो, त्यामुळे भाव बरा मिळतो. पण तेच दिवस खाली कुलू-मंडीकडे पावसाचे! २०२० मध्ये अटल बोगदा झाला, मनाली जवळ आली. मनालीच्या पुढचा रस्ता मात्र तोच. जुलै २०२३ च्या पुरात तो वाहून गेला आणि आमच्या मटाराच्या गोण्या अंगणातच पिवळ्या पडल्या.

आता नवऱ्याच्या डोक्यात आइसबर्ग लेट्यूस (सॅलडमधली, कोबीसारखी दिसणारी पालेभाजी) आहे. शेजाऱ्यांना त्यात पैसा झालाय, खोटं नाही. पण बटाटा महिनाभर थांबेल, लेट्यूस दोन दिवस थांबेल का? शिवाय गेल्या हिवाळ्यात बर्फ कमी पडला, पाट लवकर आटला तर काय?

सफरचंदाचाही विचार झाला. सासूबाई २०१८ ची आठवण काढतात: सप्टेंबरातच बर्फ पडला आणि फळांनी वाकलेल्या फांद्या मोडल्या. हिंगाबद्दल वाचलंय, पालमपूरच्या संशोधन संस्थेने २०२० मध्ये इथल्याच क्वारिंग गावात पहिली रोपं लावली. पण ज्याचा हिंग होतो तो चीक मिळायला पाचेक वर्षं लागतात, तोवर खायचं काय?

माझा कल असा: बटाटा निम्म्यात ठेवावा, मटार कमी करावा, दोन बिघ्यांत लेट्यूस करून बघावं, बांधाला छरमा लावावा. छरमा म्हणजे ती काटेरी, नारिंगी फळांची झुडपं.

कोणी उंचावर, लेह किंवा स्पितीकडे, भाजी केली आहे का? लेट्यूसला पाणी किती दिवसांआड लागतं? आणि छरम्याची फळं काट्यांतून तोडायला मजुरी परवडते का?

ता.क. खाली दोघांनी स्ट्रॉबेरी सुचवली आहे. महाबळेश्वर वेगळं हो! तिथे डिसेंबरात फळ निघतं, इथे डिसेंबरात दार उघडायला फावडं लागतं.