चालत्या-पळत्या पिल्लाबरोबर लांबचा विमानप्रवास : तुमचे अनुभव लिहा

पुढच्या महिन्यात दीड वर्षाच्या लेकीला घेऊन १४ तासांच्या विमानप्रवासाला निघायचंय. पहिल्यांदाच, आणि एकटीने. जेवतानासुद्धा ती एका जागी बसत नाही. सामानाच्या याद्या भरपूर मिळाल्या. तुमच्या बाबतीत प्रत्यक्ष काय घडलं, कुठे चुकलं, कशाने निभावलं, ते मनमोकळेपणाने लिहा.

*

बॅसिनेटच्या, म्हणजे विमानात समोरच्या भिंतीला अडकवतात त्या बाळाच्या पाळण्याच्या, भरवशावर राहू नका, हे कळकळीने सांगते. मुलगा १३ महिन्यांचा होता, म्हणून आम्ही मुद्दाम भिंतीसमोरची सीट मागून घेतली. वजनाच्या मर्यादेत तो बसत होता, पण आत ठेवल्याबरोबर कड धरून उभा! शेवटी नवऱ्याच्या खांद्यावर झोपला, तेव्हा अलगद ठेवला. २० मिनिटांत विमान हलायला लागलं आणि पट्टे बांधायची सूचना आली. अशा वेळी मुलाला उचलून मांडीवर घ्यावंच लागतं. झोप मोडली ती मोडलीच. त्या रांगेत ट्रे सीटच्या हातांत बसवलेले होते, त्यामुळे हात वर होईनात आणि त्याला आडवं करायला जागा मिळेना. परतीला साधी रांग घेतली, तीच बरी पडली.

*

मी बाबा. पावणेदोन वर्षांच्या मुलीला एकट्याने नेलं होतं. सगळा प्रवास छान झाला, शेवटची २५ मिनिटं सोडून. तिला गाढ झोप लागली होती, म्हटलं झोपू दे. विमान खाली यायला लागलं आणि ती किंचाळत उठली, दोन्ही हात कानांवर. तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. उतरताना केबिनमधला हवेचा दाब वाढत जातो. घशापासून मधल्या कानापर्यंत जाणारी नळी उघडली नाही, तर कानाचा पडदा आत ओढला जातो. लहान मुलांची ही नळी अरुंद असते. गिळलं की ती उघडते, आणि झोपेत आपण फारसं गिळत नाही. आता विमान उतरायला अर्धा तास उरला की मी तिला उठवतो आणि स्ट्रॉच्या कपातून घोट घोट पाणी देत राहतो. सर्दी असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना दाखवतो.

*

लेकीला सोबत म्हणून मी, आजी, गेले होते. नात वीस महिन्यांची, पायाला भिंगरी. पट्ट्याचा दिवा बंद असेल तेव्हा तिला डांबून ठेवायचं नाही, हे आम्ही दोघींनी आधीच ठरवलं होतं. तासा-तासाने बोट धरून मागच्या टोकापर्यंत फेरी. ती प्रत्येक रांगेशी थांबून लोकांचे बूट बघायची. मागच्या बाजूला एक पडदा होता, तिथे एका हवाई सुंदरीने तिच्याशी चांगला दहा मिनिटं बुवाकुक खेळला. त्या मुलीचं भलं होवो.

जागेवर आलं की कागदी चिकटपट्टी. मी ट्रेवर छोटे तुकडे चिकटवायचे, ती नखाने सोलून एकेक माझ्या नाकावर लावायची. पाऊण तास! नवी खेळणी पिशवीतच राहिली.

एक चूक मात्र झाली. टॉयलेटमध्ये ती कडेवर असतानाच मी फ्लश दाबला. तो आवाज केवढा मोठा असतो! पुढे ती आत यायलाच तयार होईना, लंगोट सीटवरच बदलावा लागला. आधी तिला बाहेर लेकीकडे द्यायला हवं होतं.

*

तिकिटाच्या तारखा मोजा. २ वर्षं पूर्ण झाली की मांडीवर बसवून नेता येत नाही, वेगळी सीट लागते. आमच्या मुलाचा दुसरा वाढदिवस सुट्टीतच आला आणि परतीचं तिकीट ऐनवेळी काढावं लागलं.

*

झोप यावी म्हणून ॲलर्जीचं औषध द्या, असं मला सांगण्यात आलं होतं. आमच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. ज्या ॲलर्जीच्या औषधांनी मोठ्यांना गुंगी येते, त्यांनी काही मुलं उलट जास्तच चेकाळतात.

*

पोहोचल्यावरच्या रात्रींचंही लिहिते. घड्याळ बदललं तरी मुलाचं शरीर लगेच बदलत नाही. आमचा मुलगा पहिल्या रात्री अडीचला टक्क जागा झाला. दिवा मंद ठेवून आम्ही जमिनीवर बसलो, तो बुटांच्या जोड्या लावत राहिला. सकाळी त्याला उन्हात नेलं, दुपारची झोप लांबू दिली नाही. पाचव्या रात्री तो सलग झोपला, आणि मीही.