किलबिल, कलरव, कूजन : पहाटेला कोणता शब्द, सांजेला कोणता?

प्रश्न : नागपूरच्या गोरेवाड्याच्या जंगलात पक्षी ऐकायला जाणाऱ्या आमच्या गटासाठी माहितीपत्रक लिहिते आहे. पहाटेला ‘किलबिल’ आणि संध्याकाळी ‘कलरव’ असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर : ताई, पहाटेला किलबिल नको. किलबिल म्हणजे पुष्कळ लहान पक्ष्यांचा एकमेकांत मिसळलेला आवाज, म्हणून तर बालवाडीतल्या मुलांचीही किलबिल होते. उन्हाळ्यात झुंजूमुंजू व्हायच्या आधी सेमिनरी हिल्सवर कान द्या. कोतवाल पक्षी अंधारातच बोलू लागतो आणि दयाळ सुरू झाला की दुसरीकडे लक्ष जातच नाही. नर उंच शेंड्यावर बसून ओळीमागून ओळ गातो. मार्च ते जून हा त्याचा भराचा काळ. ही जागा माझी, हे तो इतर नरांना बजावतो आणि मादीलाही बोलावतो. वारा पडलेला, शहराचा गलबला अजून सुरू व्हायचाय, त्यामुळे सूर लांबवर पोचतो. एकट्यानं असं रचून गायलेल्याला मी ‘कूजन’ म्हणेन. रामरक्षेत वाल्मीकींना कोकीळ म्हटलंय, तिथेही ‘कूजन्तं’ असंच आहे. हिवाळ्यात हाच दयाळ नुसतं ‘चर्र’ करतो. ते कूजन नव्हे, तो इशारा. पक्षी अभ्यासक हा भेद काटेकोर पाळतात, तुमच्या पत्रकातही तो यावा.

आता कलरव. ‘कल’ म्हणजे गोड पण अस्फुट. तळ्याच्या पलीकडून येणाऱ्या मिश्र आवाजाला तो शोभतो, कारण अंतरामुळे तो खरोखरच अस्फुट असतो. पण दिवेलागणीला साळुंक्या आणि पोपट रातथाऱ्याच्या, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाच्या झाडावर उतरतात, जागेवरून हमरीतुमरी चालते, त्याला कलरव म्हणणं खोटं होईल. सरळ ‘कलकलाट’ लिहा. शब्दात तक्रारीचा सूर आहे खरा, पण पक्ष्यांसाठी तो लावून घ्यायचं कारण नाही.

प्रश्न : आणि नवरंग? तो तर दोन्ही वेळांना ऐकू येतो.

उत्तर : नवरंग पावसाळ्यात मध्य भारतात विणीला येतो आणि पहाटे नि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ घालतो. तिथे ‘शीळ’च हवी. मला तर वाटतं, समूहवाचक नामांपेक्षा क्रियापदांवर भर द्या. पारवा घुमतो, कोंबडा आरवतो, टिटवी टिवटिवते. पावशा मात्र ‘बोलतो’, कारण शेतकऱ्याला त्याच्या आवाजात ‘पेर्ते व्हा’ ऐकू येतं. क्रियापद नेमकं असलं की नवख्यालाही कोणता आवाज शोधायचा ते कळतं. आणि जिथे शब्द नसेल तिथे नवा घडवायला बिचकू नका. नागपुरात दीर्घकाळ राहिलेल्या, जंगलावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींनी कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ म्हटलं, आणि आज पक्षीमित्र तो शब्द सहज वापरतात.