लिनक्स मशीन याआधी सलग किती वेळ चालू होतं, लॉगमधून कसं काढायचं?

प्रश्न: कोपऱ्यातला_सर्व्हर
उबुंटूचं (लिनक्सचा एक प्रकार) एक मशीन आहे, मॉनिटर नाही काही नाही, बॅकअप आणि फाइल शेअरिंग एवढंच काम. आज सहज अपटाइम (मशीन सलग किती वेळ चालू आहे ते सांगणारी कमांड) मारलं तर ३ दिवस दाखवतंय, आणि मी तर बऱ्याच दिवसांत त्याला हातही लावलेला नाही. मला बघायचंय की मागच्या काही महिन्यांत ते कधी कधी बंद पडलं आणि प्रत्येक वेळी त्याआधी सलग किती चाललं होतं. अपटाइमला जुनं काही विचारता येतं का, की लॉगच (मशीनने ठेवलेल्या नोंदी) उपसावे लागतील?

उत्तर: काळी_स्क्रीन
अपटाइमला जुनं काहीच माहीत नसतं हो, ती फक्त /प्रॉक/अपटाइम वाचते, तो आकडा आत्ताच्या बूटपासूनचा (मशीन सुरू झाल्यापासूनचा), मशीन बंद झालं की गेला. "लास्ट रीबूट" मारा. ती /व्हार/लॉग/डब्ल्यूटीएमपी या नोंदींच्या फाइलमधून प्रत्येक बूटची ओळ काढते, शेवटी कंसात (५+०३:२०) असं असेल तर ५ दिवस ३ तास २० मिनिटं. नुसत्या कमांडमध्ये वर्ष दिसत नाही, कॅपिटल -एफ लावा. लिस्ट अगदीच छोटी आली तर घाबरू नका, लॉगरोटेट (जुने लॉग बाजूला काढणारा प्रोग्राम) ही फाइल साधारण दर महिन्याला बदलतो, जुनी डब्ल्यूटीएमपी.१ नावाने असते, ती छोट्या -एफ ने उघडता येते.

उत्तर: जर्नल_वाचक
वरचं बरोबर आहे पण एक अडचण आहे आणि ती नेमकी इथेच नडेल. डब्ल्यूटीएमपीमध्ये शटडाउनची नोंद तेव्हाच पडते जेव्हा मशीन रीतसर बंद होतं. लाइट गेली किंवा हँग झालं तर नोंदच नाही, मग त्या बूटच्या कंसातल्या वेळेवर भरवसा ठेवू नका. त्यापेक्षा जर्नल, म्हणजे सिस्टमचा मुख्य लॉग, वाचणारी "सुडो जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स" बघा, प्रत्येक बूटची पहिली आणि शेवटची लॉग ओळ कधीची ते येतं, वजाबाकी केली की त्या वेळचा अपटाइम मिळाला. लाइट गेली असेल तर मात्र काही मिनिटांचा फरक धरा, कारण जर्नल साधारण दर ५ मिनिटांनी डिस्कवर पक्कं होतं.
आणि बंद कसं झालं ते बघायला "सुडो जर्नलसीटीएल -बी -१ -ई", मागच्या बूटचा शेवट उघडेल. तळाशी "जर्नल स्टॉप्ड" असेल तर नीट बंद झालंय, मधेच तुटलं असेल तर वीज किंवा हार्डवेअरकडे बघा.
एकच बूट दिसत असेल तर /व्हार/लॉग/जर्नल फोल्डर आहे का तपासा, ते नसेल तर जर्नल बहुधा /रन मध्ये म्हणजे मेमरीतच राहतं आणि रीबूटला पुसलं जातं, मग जुनं त्यातून मिळणार नाही.

उत्तर: रात्रपाळी
लॅपटॉपवाल्यांसाठी, स्लीपमध्ये गेलेला वेळही अपटाइममध्ये धरला जातो, त्यामुळे "चालू" म्हणजे प्रत्यक्ष काम करत होतं असं नाही. जर्नलमध्ये "पीएम: सस्पेंड एंट्री" आणि "पीएम: सस्पेंड एक्झिट" शोधून तेवढा वेळ वजा करा. आणि डेबियन १३ (लिनक्सचाच दुसरा प्रकार) वर लास्ट कमांड सापडत नाही म्हणून गोंधळू नका, जुन्या डब्ल्यूटीएमपीचा वेळेचा आकडा २०३८ नंतर पुरत नाही म्हणून ती पद्धत काढलीये, "डब्ल्यूटीएमपीडीबी" पॅकेज टाकलं की "डब्ल्यूटीएमपीडीबी लास्ट" चालतं, पण आपोआप नोंदी पॅकेज टाकल्यापासूनच्याच होतात.

कोपऱ्यातला_सर्व्हर
भारी, लिस्ट-बूट्समध्ये सगळं मिळालं! मला वीजच गेली असेल वाटत होतं पण मागचा बूट बरोबर रात्री २ वाजता संपलाय आणि खाली "जर्नल स्टॉप्ड" आहे. त्याआधीचेही दोन तसेच, २ लाच. हे कोण करतंय?

उत्तर: जर्नल_वाचक
मग अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट टाकणारा प्रोग्राम) असणार. /इटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी मध्ये ५०अनअटेंडेड-अपग्रेड्स फाइल उघडा, "ऑटोमॅटिक-रीबूट" ट्रू असेल आणि वेळ ०२:०० असेल. मुळात ते फॉल्स असतं, म्हणजे सेटअप करताना कुणीतरी चालू केलंय. बंद करण्याआधी विचार करा, नवीन कर्नल (लिनक्सचा गाभा) रीबूट केल्याशिवाय लागू होत नाही, त्यापेक्षा बॅकअप चालू नसेल अशी वेळ टाका. आणि पुढचा हिशोब आयता हवा असेल तर "अपटाइम्ड" हा अपटाइमची नोंद ठेवणारा प्रोग्राम टाकून ठेवा, "अपरेकॉर्ड्स" मारलं की सगळ्यात मोठे अपटाइम क्रमाने दाखवतं.