चर्नी रोडने कोणाचं घोडं मारलंय?

ठाकूरद्वारचा
लोकलच्या काही स्टेशनांची इंग्रजी वळणाची नावं बदलायचा प्रस्ताव राज्य सरकारने २०२४ मध्ये पुढे केला. करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, मरीन लाइन्सचं मुंबादेवी आणि चर्नी रोडचं गिरगाव. सँडहर्स्टसाहेब गेले तर मला सुतक नाही. पण चर्नी हा कुणी साहेब नव्हता हो! ते नाव आपल्या चरणीचं, गुरं चरण्याचं. इंग्रजांनी चराईवर पैसे लावले, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी इथे जवळच जमीन विकत घेऊन गुरांना फुकट मोकळी केली, असं आमच्याकडे सांगतात. शब्द मराठी, पैसे पारशाचे. असली पाटी उतरवून कोणतं मराठीपण वाढणार?

लालबागकर
कुरणाची गोष्ट गोड आहे, पण शपथेवर सांगू नका. ठाण्याजवळच्या चेंदणीहून आलेल्या लोकांची वस्ती, म्हणून चर्नी, अशीही एक व्युत्पत्ती आहे.
ते असो, चर्नी रोड तुम्हाला लखलाभ. मी करी रोडबद्दल बोलतो. माझे वडील १९८२ च्या संपापर्यंत कापडगिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. गावाहून पत्र यायचं ते 'लालबाग' लिहून. चुलते पहिल्यांदा मुंबईला आले तेव्हा वडिलांनी कळवलं, करी रोडला उतर. ते उतरल्यावर पहिलं काय विचारावं? "इथं कसली करी मिळते?" रेल्वेतल्या कोण्या गोऱ्या अधिकाऱ्याचं नाव लागलं, आणि ज्या वस्तीने तीन-तीन पाळ्या करून गिरण्या चालवल्या तिचं नाव पाटीवर नाही. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं तेव्हाही कुरकुर झाली होती. आता कॉलेजची पोरं सरळ प्रभादेवी म्हणतात.

डाउन स्लो
आणि व्हीटी, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनस? १९९६ ला सीएसटी (छत्रपती शिवाजी टर्मिनस) झालं, २०१७ ला सीएसएमटी. टॅक्सीत बसून आजही व्हीटीच सांगतो. आधी गर्दीचं बघा, मग पाट्या रंगवा.

डोंगरीतली
गर्दीचं बघायचंच आहे, पण म्हणून नावाचं बोलायचं नाही का?
मी सँडहर्स्ट रोडला उतरणारी. हा गव्हर्नर १८९५ ते १९०० चा, म्हणजे प्लेगच्या काळातला. त्याच्याच कारकिर्दीत १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट वस्त्या पाडून हवेशीर रस्ते काढायचे, हे त्यांचं काम. आमचा रस्ता त्यातलाच. गंमत म्हणजे रस्त्याचं नाव केव्हाच सरदार वल्लभभाई पटेल रोड झालं, साहेब उरला तो फक्त स्टेशनात.
आता खरं सांगते. कॉलेजात असताना कुणी राहायला कुठे विचारलं की मी 'सँडहर्स्ट रोड' म्हणायचे. डोंगरी म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात आधी गुंड येतात. आई मात्र बेधडक सांगायची, डोंगरीत राहतो. स्टेशनवर डोंगरी लिहिलं तर माझ्यासारख्यांची ती पळवाट बंद होईल. मला हवंय ते.

ठाकूरद्वारचा
डोंगरीबाबत हरलो, ताई. लालबागकर, तुमचंही निम्मं पटतं. पण लालबागची पाटी लागणार कधी? गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिल्यावर. पाटी वाचायला गिरणी कामगार उरलेत किती? कर्जत-विरारला गेले ते.

लालबागकर
उरलोय ना. मी अजून चाळीतच आहे, तिसरा मजला. आणि विरारला गेलेलाही गणपतीत लालबागलाच येतो, करी रोडला नाही.
फक्त मरीन लाइन्सचं मुंबादेवी माझ्याही गळी उतरत नाही. देऊळ तिकडे झवेरी बाजाराच्या अंगाला. गावचा माणूस देवीला म्हणून इथे उतरला की विचारणार, देऊळ कुठंय? पुन्हा आमच्या चुलत्यांसारखीच गत.