निक सेबन ‘पळून गेले’ का? एका वाक्याला सविस्तर उत्तर

हंट्सव्हिलकर :

काल इथे ‘दक्षिणवारे’ यांनी लिहिले, की अलाबामा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक निक सेबन यांची थोरवी फुकट राबणाऱ्या विद्यार्थी पोरांच्या खांद्यावर उभी होती आणि त्या पोरांच्या हातात पैसा येऊ लागताच जानेवारी २०२४ मध्ये निवृत्ती घेऊन ते पळून गेले. त्या दोन ओळींनी माझी झोप उडाली, म्हणून आज सविस्तर लिहितो.

बहात्तर वर्षांचा माणूस सात राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून थांबतो, त्याला पळणे म्हणत नाहीत. वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा खाणींच्या मुलखात वडिलांच्या पेट्रोल पंपावर हा मुलगा गाड्या धूत असे आणि गाडीवर पाण्याचा एक ओघळ राहिला, तरी वडील अख्खी गाडी पुन्हा धुवायला लावत. काळ्या आणि गडद निळ्या गाड्यांचा आपल्याला तिटकारा होता, कारण त्यांच्यावर ओघळ लपत नाही, ही आठवण सेबन यांनीच सांगितलेली आहे. त्यांची सगळी कारकीर्द मला त्या ओघळात दिसते. १९९८ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक असताना समोर अव्वल क्रमांकाचा ओहायो स्टेट होता. मिशिगन स्टेटमधल्याच मानसोपचाराच्या एका प्राध्यापकांचा सल्ला मानून त्यांनी खेळाडूंना सांगितले, की धावफलक विसरा, प्रत्येक चाल सहा-सात सेकंदांची असते, तेवढेच सेकंद नीट खेळा. २४-९ असा पिछाडीवर पडलेला तो संघ २८-२४ ने जिंकला. पुढे ज्याला सगळे ‘प्रोसेस’ म्हणू लागले, ते हेच.

अलाबामाची जानेवारी २०१८ ची अंतिम लढत आठवा. जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध मध्यंतराला १३-० अशी पिछाडी होती. जेलन हर्ट्स तोवर पहिल्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूच्या, जागी दोनच सामने हरलेला होता आणि त्याला बसवून सेबन यांनी पहिल्याच वर्षात असलेल्या टुआ टॅगोवायलोआला उतरवले. ओव्हरटाइममध्ये पहिल्या चालीत टुआ १६ यार्ड मागे पाडला गेला आणि पुढच्याच चालीत त्याने ४१ यार्डांचा विजयी टचडाउन फेकला. हर्ट्स रुसून गेला नाही. डिसेंबरमध्ये टुआ जायबंदी झाल्यावर त्याच हर्ट्सने त्याच जॉर्जियाला हरवले. मुलांना राबवून घेणाऱ्याकडे मुले अशी थांबत नाहीत.

गणितवाली :

तुमचे प्रेम खरे आहे, म्हणून उत्तरही खरेच देते. मी दक्षिणेतल्याच एका सरकारी विद्यापीठात पीएच.डी. करताना खेळाडूंच्या रात्रीच्या अभ्यासिकेत गणित शिकवत असे. विद्यापीठाचे नाव सांगत नाही. बचावफळीतला एक प्रचंड मुलगा होता, त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे पट्टीने एकत्र बांधलेली असत आणि त्याला पेन्सिल धरता येत नसे. तो उत्तर तोंडी सांगे, मी लिहून घेई. त्याच्या क्रमांकाची जर्सी विद्यापीठाच्या दुकानात टांगलेली होती आणि त्याच्या आईला मात्र एकही सामना पाहायला येण्यापुरते बसभाडे जमत नव्हते. दुसऱ्या वर्षी त्याचा गुडघा गेला, त्यानंतर तो अभ्यासिकेत दिसला नाही.

सेबन २००७ मध्ये अलाबामात आले ते वर्षाला ४० लाख डॉलरवर आणि अखेरीस तो आकडा एक कोटी दहा लाखांच्या वर गेला होता. मुलांना फी-माफी, जेवण आणि खोली. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये ९-० अशा एकमताने खेळाडूंना काय देता येईल यावरच्या बंधनांवर ताशेरे ओढले, जुलैपासून मुलांना आपल्या नावावर कमावता येऊ लागले आणि मे २०२२ मध्ये हेच गृहस्थ म्हणाले, की टेक्सास ए अँड एम या प्रतिस्पर्धी विद्यापीठाने सगळे खेळाडू विकत घेतले. मला त्या वाक्याचा राग आजही येतो.

मायामीत बारा वर्षे :

प्रामाणिकपणाचा विषय निघाला आहे, तर २१ डिसेंबर २००६ ही तारीख कोणीच का घेत नाही? मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक असताना सेबन यांनी पत्रकारांसमोर स्पष्ट सांगितले, की मी अलाबामाचा प्रशिक्षक होणार नाही. तेरा दिवसांनी, ३ जानेवारीला, ते अलाबामाचे झाले. मी त्या मोसमाची तिकिटे कर्जाचा हप्ता पुढे ढकलून घेतली होती आणि त्यांच्या त्या वाक्यावर कार्यालयात सहकाऱ्यांशी पैज लावली होती. पैज हरल्याचे दुःख नाही, पण डोळ्यांत डोळे घालून सांगितलेला शब्द असा फिरवता येतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

हंट्सव्हिलकर :

डॉल्फिन्सचे दोन मोसम आणि १५ विजय हा त्या कारकिर्दीतला सर्वांत फिका भाग आहे, तेवढाच उगाळून काय साधणार? व्यावसायिक संघातले त्यांचे मन उडाले होते. वाटाघाटी चालू असताना कोणता माणूस मालकाच्या तोंडावर ‘होय, जातो’ म्हणतो? गणितवाली यांच्या विद्यार्थ्याविषयी वाईट वाटले, पण त्याचा गुडघा सेबन यांच्या खात्यावर मांडणे अन्याय आहे. त्यांच्या हाताखालून अलाबामाचे चाळीसहून अधिक खेळाडू एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत पहिल्याच फेरीत निवडले गेले, त्यांच्या घरांचे भाग्य बदलले.

गणितवाली :

चाळीस! एका वेळी ८५ शिष्यवृत्त्या, असे सतरा मोसम. उरलेल्यांचा हिशेब कोण देणार? मी ज्याची उत्तरे लिहून घेतली, तो त्या उरलेल्यांतलाच होता.

करारवाचक :

माझ्या मते मायामीच्या करारापेक्षा मोठा प्रश्न वेगळा आहे. प्रशिक्षक करार अर्धवट टाकून तेरा दिवसांत राज्य बदलू शकत होता आणि त्याच काळात फुटबॉलचा खेळाडू विद्यापीठ बदलू लागला, की त्याला एक पूर्ण मोसम बाहेर बसावे लागे. हा नियम २०२१ पर्यंत होता. सेबन यांच्याच कारकिर्दीतले उदाहरण घ्या. मॉरिस स्मिथ या बचावपटूने पदवी पूर्ण केली आणि २०१६ मध्ये त्याला जॉर्जियात जायचे होते, कारण त्याला शिकवणारे कर्बी स्मार्ट अलाबामा सोडून तिथे मुख्य प्रशिक्षक झाले होते. स्मार्ट गेले, तेव्हा त्यांना निरोप मिळाला. स्मिथला अडवले गेले. शेवटी साउथईस्टर्न कॉन्फरन्सने, म्हणजे ही दोन्ही विद्यापीठे जिच्यात खेळतात त्या संघटनेने, ऑगस्टमध्ये सूट दिली, तेव्हा तो खेळू शकला. शिकवणारा जाऊ शकतो आणि शिकणारा, तोही पदवीधर, जाऊ शकत नाही, हे कोणत्या न्यायात बसते?

हंट्सव्हिलकर :

स्मिथला अडवणारा नियम कॉन्फरन्सचा होता, सेबन यांनी लिहिलेला नव्हता. एकाला सोडले, तर उद्या शेजारचा प्रत्येक प्रतिस्पर्धी आपल्या संघात हात घालेल, हे त्यांचे म्हणणे होते आणि आज काय चालले आहे ते पाहा. दर हिवाळ्यात अर्धा संघ बाजारात उभा असतो.

करारवाचक :

प्रशिक्षक तर पन्नास वर्षे त्याच बाजारात उभे आहेत. टोलीडोत एक मोसम, मिशिगन स्टेटला पाच, लुइझियाना स्टेटला पाच, मायामीत दोन. प्रत्येक पायरीवर मागे राहिलेली मुले कोणाच्या शब्दावर आली होती? भरती करताना ज्या आईच्या स्वयंपाकघरात बसून ‘तुमच्या मुलाकडे मी पाहीन’ असे सांगितले, तिला जाताना कोणी विचारले? नियम दुसऱ्याने लिहिला म्हणून हात झटकता येत नाहीत. नियम वापरायचा की सोडून द्यायचा, हे त्यांच्या हाती होते आणि त्यांनी तो वापरला.

टस्कलूसात शिकलेला :

तुम्ही सगळे करार आणि आकडे मांडता आहात, मला एक दिवस सांगू द्या. २७ एप्रिल २०११ ला टोर्नेडो टस्कलूसातून, अलाबामा विद्यापीठाच्या गावातून, गेला, तेव्हा आम्ही तिघे न्हाणीघरातल्या टबात गादी अंगावर ओढून पडलो होतो. बाहेर आलो तेव्हा समोरच्या रस्त्यावरची घरे नव्हती आणि हवेत ताज्या कापलेल्या पाइनचा वास होता. त्यानंतर सेबन पती-पत्नींच्या संस्थेने विद्यापीठाच्या राष्ट्रीय विजेतेपदांच्या संख्येएवढी घरे बांधून देण्याचे मनावर घेतले, आधी १३, मग १४. त्यांतल्या एका घराच्या छताला मी स्वतः खिळे ठोकले आहेत. पळून जाणाऱ्या माणसाने ते गाव तसे उभे केले नसते.

मायामीत बारा वर्षे :

तुमच्या घराविषयी आदर आहे, पण वादळातले पुण्य मोडलेल्या शब्दावर पांघरू नका. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि दोन्ही मोजाव्या लागतील.

टस्कलूसात शिकलेला :

मी काहीही पांघरत नाही! ज्यांनी ते गाव त्या आठवड्यात पाहिले नाही, त्यांनी मला मोजमाप शिकवू नये.

गणितवाली :

भांडण वाढवायचे नाही, म्हणून एक गोष्ट मीच मान्य करते, जरी ती लिहिताना जड जाते. मार्च २०२४ मध्ये वॉशिंग्टनमधल्या चर्चेत सेबन यांनी सांगितले, की ५० वर्षे ज्या गोष्टींवर विश्वास ठेवला त्या या खेळात उरल्या नाहीत आणि आईवडील आता फक्त किती देणार एवढेच विचारतात, मग आपण हे कशासाठी करतो, असे पत्नीने त्यांना विचारले होते. ते वाचून मी चिडले होते. पण त्याच चर्चेत त्यांनी खेळाडूंना महसुलात वाटा मिळावा याला पाठिंबाही दिला, हे ‘दक्षिणवारे’ यांनी सांगितले नाही आणि मीही सोयीने विसरले होते. पैशाच्या भीतीने ते पळाले, हे वाक्य त्यामुळे टिकत नाही. माझी तक्रार वेळेची आहे. २०१३ मध्ये, लागोपाठ दोन विजेतेपदे जिंकलेली असताना, त्यांच्या एका वाक्याला जे वजन होते, ते निवृत्तीनंतर कोठून येणार? तेव्हा ते बोलले असते, तर कोणत्याही विद्यापीठाच्या अध्यक्षाला ऐकावे लागले असते.

हंट्सव्हिलकर :

पळून गेले नाहीत, एवढे तरी ठरले. काल मला तेवढेच सांगायचे होते.

मायामीविषयी माझे मत बदललेले नाही. मॉरिस स्मिथचे प्रकरण मात्र मी आज पुन्हा काढून वाचले. त्याने पदवी घेतली होती, तीन वर्षे दिली होती आणि तो मागत होता ते फक्त जाण्याची परवानगी. २०१६ मध्ये मी सेबन यांच्या बाजूने मित्रांशी तासभर वाद घातला होता. करारवाचक, त्या वादातले माझे म्हणणे मी मागे घेतो. त्या मुलाला सोडायला हवे होते.

गणितवाली, तुमचा तो विद्यार्थी पुढे कोठे गेला, हे कधी कळले का?

गणितवाली :

नाही. त्याच्या शेवटच्या गृहपाठाची वही माझ्याकडे राहिली आहे. अक्षर माझे, उत्तरे त्याची, आणि दहापैकी नऊ बरोबर.