अनुभव धागा : नागपूरकरांनो, तुम्ही ब्लॉग का लिहायला लागलात?

डॉक्टर, वकील, दुकानदार, शेतकरी, गृहिणी, कोणीही असा. कधी ब्लॉग लिहिला असेल तर का सुरू केला, कोणी वाचला आणि त्यातून काय झालं, ते सांगा. सुरुवात मी करते.

२००५ साली बर्डीवरच्या एका सायबर कॅफेत मी ब्लॉगर या ब्लॉग लिहायच्या संकेतस्थळावर खातं उघडलं. दोन वर्षांपूर्वी गुगलने ते विकत घेतलं होतं, पैसे लागत नव्हते. अडचण होती ती मराठीची. ऑफिसातल्या डीटीपीच्या फाँटमध्ये लिहिलेलं दुसऱ्याच्या संगणकावर नुसती चिन्हं होऊन दिसायचं. मग कोणीतरी बरहा हे मराठी टाईप करायचं सॉफ्टवेअर दिलं. युनिकोडात पहिली मराठी ओळ उमटली, ती मी शेजारच्या अनोळखी मुलालाही दाखवली. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांनंतर सरकारने मोजकी पानं बंद करायला सांगितली आणि काही इंटरनेट कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच, म्हणजे ब्लॉगरवरचे ब्लॉग जिथे दिसायचे तो पत्ताच, अडवलं. आपलं लिखाण आपल्यालाच दिसेना, तेव्हा ते किती जवळचं झालंय हे कळलं.

काटोलचा संत्रावाला
माझा ब्लॉग फक्त संत्र्याचा. पहिला लेख डिंक्यावर, म्हणजे खोडातून डिंक गळायला लावणाऱ्या बुरशीच्या रोगावर होता. बोर्डो पेस्ट कशी करायची ते लिहिलं : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला लावायची. मला वाटलं, झालं. खाली वरुडच्या एका शेतकऱ्याने विचारलं, "दादा, पाणी कसं देऊन राहिले?" मी सांगितलं, बुडाशी एकच आळं, पाणी खोडापर्यंत. तो म्हणाला, मग पेस्ट लावून काय उपयोग, बुरशीला ओलावा तुम्हीच देता. दुहेरी आळं करा, आतलं कोरडं ठेवा, पाणी फक्त बाहेरच्यात.

बारा वर्षं मी स्वतःच्या झाडांना त्रास देत होतो, आणि तेच शहाणपण म्हणून लिहिलं होतं. ती ओळ पुसली नाही. तिच्यावर रेघ मारली, खाली दुरुस्ती लिहिली. अजूनही लोक येतात ते त्या रेघेपाशीच थांबून विचारतात. हे बाप्पा वर्तमानपत्राच्या कृषी पुरवणीत कसं होणार होतं?

रामदासपेठ, बालरोग
आम्हा डॉक्टरांवर २००२ च्या आचारसंहितेमुळे जाहिरातीची बंदी आहे, त्यामुळे ब्लॉगवर दवाखान्याचा उल्लेखही नको असं मी ठरवलं होतं. चूक दुसरीकडेच झाली. एका लेखात मुलाचं नाव नव्हतं, पण मोहल्ला, वय आणि आजार होता. त्याच्या आजीने ओळखलं. रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या घरचं तुम्ही चारचौघांत काहून सांगितलं?" लेख त्याच रात्री काढला. तेव्हापासून मी आजारावर लिहिते, माणसावर नाही.

सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख अगदी छोटा आहे. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना लिहिलेला : ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. 'चिमूटभर' असं लिहू नये, प्रत्येकाची चिमूट वेगळी. पुढे एका रेशन दुकानाच्या भिंतीवर त्याची छापील प्रत दिसली. माझं नाव नव्हतं, मापं मात्र बरोबर होती.

परसोडी आयटी पार्क
मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो. जनरल मोटर्सने २००५ मध्ये ब्लॉग काढला, त्यावर बॉब लुट्झसारखे वरिष्ठ स्वतः लिहायचे, हे वाचून आमच्या मालकांनीही काढायला लावला. मजकूर मार्केटिंगवाले लिहायचे. कोणी वाचत नव्हतं. एकदा आमचा सर्व्हर दिवसभर बंद पडला. बॅकअप कधी तपासलाच नव्हता, हे खरं कारण मी लिहिलं. मालकांनी लेख उतरवायला सांगितला. तोवर तीन ग्राहकांनी उत्तरं दिली होती : पहिल्यांदा कोणीतरी नीट सांगितलं. लेख राहिला, बॅकअपही दर शुक्रवारी तपासायला लागलो.

महाल
मी फक्त सासूबाईंच्या रेसिपी लिहिते. पाटवडी, वडाभात, गोळाभात. त्या सांगायच्या, मी टाईप करायचे, "थापताना हात ओला ठेव" हेही त्यांच्याच शब्दांत. त्या जाऊन आता चार वर्षं झाली. पुण्याहून नणंद पाटवडी करताना फोन करत नाही, ब्लॉग उघडते. म्हणते, आई बोलल्यासारखं वाटतं.