"गावात म्हाताऱ्यांचे हाल होत नाहीत" म्हणे!

वऱ्हाडची_लेक:
काल इथं कुणीतरी लिहिलं, म्हाताऱ्यांचा छळ शहरातच होतो, गावात चार घरं लक्ष ठेवतात. वाचून डोकं फिरलं. माझ्या मावशीच्या शेजारची बुढी गोठ्यालगतच्या खोलीत राहते. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे दीड हजार आले की नातू तिला गाडीवर नेतो, अंगठा लावून घेतो, पैसे त्याच्या खिशात. कुणी विचारपूस केली की सूनच उत्तर देते. चारही घरांना हे दिसतं. बोलतं कोण?

सोयाबीनवाला:
ताई, सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलं, कर्ज डोक्यावर हाये. गरिबीले छळ काहून म्हनता?

वऱ्हाडची_लेक:
बुढीच्या पैशानं नातवाचा मोबाईल चालतो, तिच्या बीपीच्या गोळ्या मात्र संपलेल्याच. ही गरिबी नाही.

काळी_माती:
पोरी हिस्सा मागायले बरोबर येतात. हगमूत काढायले सून!

माहेरवाशीण:
तोंड सांभाळून बोला. मी एक रुपया न घेता हक्कसोड दिलं. आता बाबांना भेटायला गेले की भाऊ म्हणतो, "पुन्हा वावर मागायले आली का?" दोन तास बसू देत नाही.

काळी_माती:
तुमचा भाऊ तसा असंल. माह्या बायकोनं सासूचं सारं केलं, तिन्ही नणंदा फक्त तेरवीले आल्या.

तहसीलच्या_फेऱ्या:
भांडणात कायदा राहिला. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळाचा 2007 चा कायदा आहे, त्यात मुलगा, मुलगी, सज्ञान नातू-नात सगळे जबाबदार आहेत. सून त्यात नाहीच. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे, वकील लागत नाही. बक्षीसपत्र करून देताना सांभाळण्याची अट लिहून घ्या. नाही सांभाळलं तर ते रद्द होऊ शकतं. आमच्या काकांनी अट लिहिली नाही, म्हणून वाद फार लांबला.

सोयाबीनवाला:
अर्ज केला त्याच रात्री जेवाले त्याच घरी बसा लागते ना भाऊ! बुढी करन का अर्ज?

तहसीलच्या_फेऱ्या:
हा मुद्दा खरा आहे. पण तिला जमत नसेल तर तिच्या संमतीनं दुसरं कुणी अर्ज करू शकतं. आधी तिला एकटीला गाठून विचारा, सुनेसमोर नको. 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन केला तरी पुढचा रस्ता सांगतात.

काळी_माती:
सून कायद्यात नाही हे मले माहीत नव्हतं. मंग नणंदांले नोटीस जाते का?

माहेरवाशीण:
जाते. भावालाही जाते. माझी यायची तयारी आहे, आधी त्याला दार उघडायला सांगा.